गवतवाल्या बाईंचा नवरा

दोह्यात तेव्हा जिकडे पाहावं तिकडे खणलेलं असायचं. सकाळी ज्या रस्त्यानं गेलो तो संध्याकाळी परत येताना भलतीकडेच वळवलेला सापडे. फुटबॉलचा वर्ल्डकप यायचा होता आणि त्याआधी सगळं गाव उचकटून पुन्हा नीट लावायचं असं ठरलेलं दिसत होतं. मोठ्या कंपन्या स्टेडियम बांधत होत्या, मेट्रो खोदत होत्या. माझी बायको गवत कापत होती.

हे वाक्य आज मी मजेत लिहितो. तेव्हा कुणी विचारलं की माझी जीभ अडखळायची. मी पाइपलाइनचा इंजिनिअर. तेलाचे भाव पडले, कंपनीनं माणसं कमी केली, त्यात मीही गेलो. बायकोच्या धंद्यातला कतारी भागीदार भला माणूस होता, त्यानं मला त्यांच्या कंपनीच्या व्हिसावर घेतलं. कागदोपत्री मी गवत कंपनीचा सुपरवायझर झालो. ओळखीचे लोक भेटले की मात्र मी ‘सध्या कन्सल्टिंग करतोय’ असं सांगायचो. बायको शेजारी उभी असली तर नुसती भुवई वर करायची.

ती निफाडची. वडिलांची द्राक्षबाग, स्वतःची शेतकीची पदवी, आणि लग्नानंतर दोन्हींचा उपयोग शून्य. अबू हमूर भागातल्या आमच्या कंपाउंडमध्ये हिरवळ होती. ती कापायला येणारा माणूस ऐन जूनमध्ये गवत इतकं खाली कापायचा की मुळं उन्हात उघडी पडायची. हिनं त्याला एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्या वेळी त्याच्या हातातून मशीन काढून घेतलं. कंपाउंडचा मॅनेजर वैतागून म्हणाला की मॅडम, मग तुम्हीच करा. त्याला वाटलं बाई गप्प बसेल. बाईनं दुसऱ्या दिवशी मशीनची चौकशी सुरू केली.

पुढे मुऐदर भागातल्या कतारी कुटुंबांच्या व्हिलांमधून कामं मिळाली, आणि ती मिळण्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. तिथल्या घरांना मागे आतली बाग असते, बायकांची बसायची जागा. परके पुरुष कामाला आले की घरच्या बायकांना आत कोंडून बसावं लागे, म्हणून त्या बागांकडे कुणाचं नीट लक्षच नसे. ही स्वतः मशीन ढकलत आत जायची. बायका तिच्याशी मोडक्या हिंदी-अरबीत गप्पा मारायच्या, वर गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर. वर्षभरात गवताची तक्रार असली की कुणाला बोलवायचं हे त्या गल्लीला ठाऊक झालं. पहाटे चपला हातात घेऊन ती अनवाणी हिरवळीवरून चालायची आणि कुठं पाणी कमी पडतंय ते पायानं ओळखायची. आमची मुलगी म्हणायची, “ममा, यू आर सो बॉसी.” मी मनात म्हणायचो, बाई, बॉसच आहे ती.

तिचा उजवा हात म्हणजे भाई. रत्नागिरीचा, आखातात येऊन उभा जन्म गेलेला, इंजिन असलेली कुठलीही वस्तू दुरुस्त करणारा. एकदा मशीन दुरुस्त करायला आला तो राहिलाच. हिला तो वहिनी म्हणायचा आणि मला साहेब, पण ‘साहेब’ म्हणताना त्याच्या आवाजात आदर कमी आणि सहानुभूती जास्त असायची.

शेजारी देशांनी सीमा बंद केल्या त्या वर्षी मला नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. मॅनेजर जुन्या ओळखीचे होते, त्यांना लवकर उत्तर हवं होतं. मला जायचं होतं. दुसऱ्याच्या व्हिसावर असं किती दिवस काढणार? तिला राहायचं होतं, आणि तिनं ते एकदाच, स्पष्ट सांगितलं. “तिकडे गेले तर मी पुन्हा नुसती तुमची बायको होईन. इथं मला काम आहे.” शेवटी आमचा करार झाला. एका फुटबॉल क्लबच्या सरावाच्या मैदानाचं कापणीचं काम निघालं होतं, चाचणी द्यायची होती. मैदान मिळालं तर राहायचं, नाही मिळालं तर ती एक शब्द न बोलता सामान बांधणार. तिनं बोलून दाखवलं म्हणजे ती तसंच करणार हे मला माहीत होतं, आणि त्याचंच मला वाईट वाटत होतं.

चाचणी नेमकी दसऱ्याला आली. ही खूश. साडेतीन मुहूर्तांतला एक, पंचांग बघायलाच नको. पण आदल्या दिवशी खंडेनवमी, आणि त्या दिवशी तिच्या माहेरच्या रीतीनं हत्याराला हात लावायचा नाही, फक्त पूजा. मी म्हटलं, अगं चाचणीच्या आदल्या दिवशी मशीन बंद ठेवतेस? ती म्हणाली, वर्षभर राबतंय ते, एक दिवस बसू दे. मग सगळी मशीनं धुऊन, तेलपाणी करून ओळीनं मांडली. किराणा दुकानातून झेंडू आणला. आमच्या नेपाळी कामगारांच्या घरी त्याच दिवसांत दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, असतो, त्यांनी आपणहून प्रत्येक मशीनला टिळा लावला. मैदानासाठी खास घेतलेलं मोठं मशीन मधोमध होतं. त्यात गोल फिरणारी पाती खालच्या स्थिर पात्याला घासत जातात आणि गवत कात्रीसारखं कापलं जातं. त्याच्यापुढे मी नारळ फोडायला घेतला तर भाई आडवा आला.

“साहेब, कोकणचा माणूस इथं उभा असताना नारळ घाटावरच्या माणसानं फोडायचा? पूजा तुमची, नारळ माझा.”

दगड त्याला नको होता. मशीनच्याच पुढच्या रोलरवर त्यानं एका दणक्यात नारळ फोडला. पाणी उडालं, करवंटीचे तुकडे उडाले, सगळे हसलो, खोबरं वाटलं. मशीनवर कापड टाकून घरी गेलो.

दसऱ्याच्या सकाळी मैदानावर दव पडलेलं होतं. कामगारांनी लांब दोर ओढून ते झाडलं, म्हणजे कापताना गवत चिकटत नाही. भाईनं कडेच्या पट्ट्यावर मशीन सुरू केलं आणि आतून खाडकन आवाज आला. करवंटीचा एक तुकडा पात्यांमध्ये अडकून राहिला होता. तो निघाला, पण स्थिर पात्याला खाच पडली. थोडं चालवून बघितलं तर कापलेल्या पट्ट्यातून गवताची एक बारीक रेघ तशीच उभी, घाईत दाढी केल्यावर राहते तशी. एरवी असा भाग दुबईहून लगेच यायचा. आता सीमा बंद, सगळं ओमानवरून बोटीनं. भाई जमिनीवर बसला, त्याचं तोंड बघवेना. मी बोलायला तोंड उघडलं, पण ही माझ्याआधी बोलली. रडायचं नंतर, आधी कानस आणा, म्हणाली.

भाईनं खाच कानशीनं घासली, जमेल तेवढी. मग त्यानंच उपाय काढला: एकदा उभं कापायचं, लगेच आडवं, म्हणजे राहिलेली रेघ दुसऱ्या फेरीत निघून जाते. तसं केलं. ऊन वर आलं तेव्हा मैदान नव्या जाजमासारखं दिसत होतं. खोटं कशाला सांगू, खणलेल्या त्या सगळ्या गावात तेवढाच एक तुकडा मला डोळ्यांना गार वाटला.

मैदान बघणारा इंजिनिअर सुदानी होता, उंच आणि अबोल. तो चारी बाजूंनी फिरला, वाकून गवतावरून हात फिरवला, पट्टी लावून उंची मोजली. चेहऱ्यावर समाधान स्पष्ट होतं. चांगलं आहे, म्हणाला. झालं, मला वाटलं. नाशिक गेलं, पण हिचं काम टिकलं, आणि गंमत म्हणजे मला आनंद झाला.

तेवढ्यात ही म्हणाली की एक गोष्ट सांगायची आहे.

मी मराठीत हळूच म्हटलं, “गप्प बस ना, मिळालंय ते.” तिनं ऐकलंच नाही. साध्या इंग्रजीत तिनं त्याला सगळं सांगितलं. आमच्याकडे वर्षातून एक दिवस यंत्राची पूजा करतात, नारळ फोडतात, काल फोडला, तुकडा आत गेला, पात्याला खाच आहे. आज मैदान दोनदा कापलं म्हणून दिसत नाही. नवीन भाग यायला वेळ लागेल. तोपर्यंत रोज दोनदा कापणं गवताला सोसणार नाही, थकेल ते. मी उंची थोडी वाढवून एक दिवसाआड कापीन. चालत असेल तर काम द्या.

भाई पुढे झाला आणि नारळ मी फोडला असं हिंदीत सांगू लागला. तिनं मराठीत त्याला थांबवलं. “भाई, मशीन माझं आहे.” एवढंच. भाईनं मान खाली घातली, आणि त्याचे डोळे भरलेले मी पाहिले. मला तिचा भयंकर राग आला होता आणि त्याच क्षणी मला तिच्याइतकं मोठं तिथं कुणीच दिसत नव्हतं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

इंजिनिअरनं मशीन कलतं करायला लावलं, अंगठ्यानं खाच चाचपली. मग रुमालानं हात पुसले. अशा वेळी साहेब लोक ‘इन्शाल्ला’ म्हणाले की समजावं, काम गेलं. मी त्या शब्दाची वाट बघत होतो. तो तिच्याकडे वळून म्हणाला, “यल्ला, चला मग. शनिवारपासून या.” मग चालता चालता थांबला. माझ्या मैदानावर नारळ नको, म्हणाला. तिनं हसून ‘शुक्रन’ म्हणत आभार मानले.

कामगार दोर गुंडाळायला लागले. तिनं चपला काढल्या आणि परत मैदानात शिरली, कुठं पाणी कमी आहे ते बघायला. आता मैदान तिचं होतं. जाता जाता मागे न बघता म्हणाली, “अहो, सातपूरला फोन करून टाका.”

मी शेडच्या सावलीत जाऊन फोन लावला. मॅनेजरसाहेबांना दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या आणि येत नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, तिकडेच लागलं वाटतं कुठे? मी ‘कन्सल्टिंग’ म्हणणार होतो. समोर ती वाकून मूठभर माती हातात घेऊन बघत होती.

“हो. इथं एका कंपनीत आहे,” मी म्हणालो. “आम्ही गवत कापतो.”

त्यांनी विचारलं, “बरं बरं. आणि साहेब कोण तिथं?”

“माझी बायको,” मी म्हणालो.