आखाजीला गच्चीला लावलेलं कुलूप

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी मी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीला कुलूप लावलं. वडील गेल्यानंतरची ही पहिली आखाजी, आणि आई त्यांच्या नावाचा पुरणपोळीचा घास कावळ्याला ठेवायला जिना चढत होती. हे मी केलं. समजून-उमजून केलं.

आमचं आवासातलं, म्हणजे सरकारी घरकुलांच्या वसाहतीतलं, घर सुरतच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली आहे. घर लागलं तेव्हा बाकीचे आवाजाला वैतागले, मी खूष. वडील पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये बारा तास उभे, आणि मी गच्चीवर. पंख्याचं विमान की जेट, हे मला मान वर न करता कळतं. चाकं कधी खाली येतात, पंखाच्या मागच्या झडपा किती उघडल्यात, सगळं पाठ. लोक मात्र विमान पडल्यावरच विमानाविषयी बोलतात. आठ दिवस सगळे तज्ज्ञ, नवव्या दिवशी गप्प. अरे, सुरक्षितता ही पडण्याआधीची गोष्ट आहे! उतरताना विमान खालून येतं, हळू येतं. तेव्हा इंजिनात घार गेली तर वैमानिकाकडे ना उंची उरते, ना वेळ.

आणि घारी येतात कुठून? आमच्या मागे खाडीकाठी उघडा उकिरडा आहे. मटणाच्या दुकानांची आतडी, लग्नाच्या हॉलचं उरलेलं जेवण, सगळं तिथे. वर दिवसभर घारी आणि कावळे. एका संध्याकाळी एक विमान उतरता उतरता गर्जना करत परत वर गेलं. कशामुळे, मला माहीत नाही. पण त्याच उंचीवर घारी फिरताना मी पाहिल्या होत्या. खाली पोरांचं क्रिकेट चालू होतं.

उकिरडा हटवा, पक्ष्यांना खायला घालू नका, असं मी पत्रक छापलं. गुजरातीत आणि हिंदीत. दारोदार वाटलं, वॉर्ड ऑफिसात अर्जाला जोडलं. साहेबाने पत्रकावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाला, "पहेलां तमारुं धाबुं साफ करावो. त्यां पण बधा पक्षीने खवडावे छे. पछी उकरडानी वात."

आधी आमची गच्ची, मग त्यांचा उकिरडा. मला ते पटलं. मूर्खासारखं पटलं. सोसायटीची मीटिंग बोलावली, भांडलो, गच्चीवर दाणे-पोळी बंद करून घेतली. चावी माझ्याकडे आली.

आणि आता कुलपासमोर ताट घेऊन आई.

"खोल."

"आई, आज खाली ठेव ना. कंपाउंडच्या भिंतीवर."

"खाले कुत्रा येस. कावया येस का?"

"तुझ्यासाठी उघडलं तर सगळ्यांसाठी उघडावं लागेल."

"एक घास खाईसन कावया इमान पाडी का रे?"

मी तिला घारीचं वजन सांगायला लागलो. वडिलांच्या घासासमोर, घारीचं वजन! ती म्हणाली, "तुना बाप घार नही व्हता."

खालच्या मजल्यावरचा शेजारी दारातून ओरडला, "भाभी, इसके हवाई जहाज को भी एक पूरनपोली दे दो, खुश हो जाएगा!" लोक हसले. मी कुलूप उघडलं नाही.

तिने घास भिंतीवर ठेवला आणि शेजारी उभी राहिली. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. ऊन डोक्यावर आलं. कावळा नाही. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुना कागद वाची लिन्हा व्हई त्यानी."

मग ताट उचलून ती फाटकाबाहेर चालायला लागली. मी मागोमाग. ती सरळ उकिरड्यावर गेली. नाकाला पदर लावला, आतड्यांच्या बाजूला पायाने जागा केली आणि पळसाच्या पानावर पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडई मांडली. दोन पावलं मागे सरकते न सरकते तोच कावळा उतरला.

"खादं," ती म्हणाली आणि हात जोडले. वर घारी फिरत होत्या.

स्वच्छ गच्चीचे फोटो घेऊन मी वॉर्ड ऑफिसात गेलो. साहेब बदलला होता. नव्या साहेबाने नवा अर्ज मागितला. तो दिला. त्यानंतर आणखी दोन दिले. उकिरडा तेवढाच आहे. नाही, खोटं कशाला लिहू? वाढलाय.

कारण पितृपक्षात आईबरोबर बिल्डिंगमधल्या आणखी चार जणी ताटं घेऊन निघाल्या. पुढच्या आवासातल्याही दोघी-तिघी होत्या. खीर, वडे, पोळ्या, सगळं उकिरड्यावर, उतरणाऱ्या विमानांच्या बरोबर खाली. हा रस्ता त्यांना मी दाखवला. मी धावत वर गेलो, गच्चीचं कुलूप काढलं आणि कठड्यावरून ओरडलो, "आई, परत ये! वर ठेवा सगळ्या!"

आईने मान वर केली. "आते वर कोठे कावया येस?" म्हणाली, आणि चालत राहिली.