न पाठवलेल्या अहवालातलं वाक्य

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो. वर्ध्यात तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले होते. शेजारच्या सिंदी मेघेच्या एक शिक्षिका चार निनावी पत्रं घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. मनातलं त्या घरच्या कॉम्प्युटरवर लिहीत आणि लगेच पुसून टाकत. तीच पुसलेली वाक्यं टपालाने परत येत होती. ना धमकी, ना मागणी.

घरच्यांच्या मते बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला होता, पत्रं त्याच टाकत होत्या. पोलीसही तेच म्हणाले तर नवरा मुलीला घेऊन वेगळा होणार होता.

आम्हाला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ठाण्याचा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकलाच जाणकार म्हणून नेलं. बाईंकडेही तोच जायचा. मला ते सोयीचंच वाटलं, घ्या! त्याने तासभर तपासून सांगितलं, काही नाही. मी ठाण्यात बसून दोन बोटांनी गोपनीय अहवाल टाइप केला: ‘फिर्यादी स्वतःच पत्रे लिहीत असावी.’ तो वरिष्ठांकडे पाठवायचा होता. मध्येच प्रिंटर अडला, म्हणून मेकॅनिक येऊन गेला.

तिसऱ्या दिवशी बाई पाचवं पत्र घेऊन आल्या. त्यात एकच ओळ होती, माझी. शब्दन् शब्द तोच. अहवाल अजून माझ्या टेबलावर होता, कोणाला दाखवलाही नव्हता. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मागे वळून पाहिलं, तर भिंत.

दोन्ही कॉम्प्युटरना हात लावणारा माणूस एकच होता. त्याच्या दुकानाच्या झडतीत फ्लॉप्या सापडल्या. टाइप होणारं प्रत्येक अक्षर गुपचूप साठवणारा प्रोग्राम त्याने दोन्हीकडे टाकला होता. दुरुस्तीला आला की उतरवून न्यायचा. काऊन, का केलं हे, मी विचारलं.

“माणूस एकटा असला का काय लिहिते, ते पाहून राह्यलो होतो, साहेब. मंग वाटलं, तिलेही समजलं पाहिजे, कोणी वाचून राह्यलं म्हणून.”

बोलताना तो शांत होता. इतकी वर्षं गुन्हेगार पाहिले, त्या शांतपणाची मात्र भीती वाटली.

मी स्वतः बाईंच्या घरी जाऊन नवऱ्यासमोर सांगितलं, बाई खऱ्या आहेत. मुलगी आईजवळच राहिली. निघताना बाई फाटकापर्यंत आल्या.

“तो सापडल्यावर तुम्हाले पटलं साहेब. मी सांगून राह्यली होती, तवा काऊन नाई पटलं?”

मी टोपी घातली आणि जीपमध्ये बसलो. पुढे नोकरीभर, फिर्यादीचं पूर्ण ऐकल्याशिवाय संशयाचा एक शब्द कागदावर उतरवला नाही.