डागडुजी नावाचा हलका शब्द

नोकरीत असताना मुलांच्या वहीत ‘लय’ दिसलं की माझी लाल शाई तिथं पोचलीच म्हणून समजा. ‘लय’ खोडून ‘पुष्कळ’, ‘म्या’ खोडून ‘मी’. इकडच्या पोरांना मराठी शिकवायची म्हणजे आधी त्यांची मराठी खोडायची, असं मला बत्तीस वर्षं मनापासून वाटत आलं. निवृत्त झाले, वह्या संपल्या, पण खोड गेली नाही. लोक अर्ज लिहून घ्यायला दारात यायचे, रेशनकार्डाचा, विजेच्या मीटरचा. ते सांगायचे एका भाषेत, मी लिहायचे दुसऱ्या. बाईंचा अर्ज परत येत नाही, असं बाजारात बोललं जायचं आणि ते कानावर आलं की मी दिवसभर खुशीत असायचे. उगाच कशाला खोटं बोलू?

आमचं गाव तालुक्याचं, परभणीहून एसटीनं तासाभराच्या वाटेवरचं. जुन्या बाजाराच्या तोंडाशी निजामाच्या काळातला मुसाफिरखाना होता. दगडी, दुमजली, रस्त्याच्या अंगानं तीन कमानी. मुसाफिर कधीच यायचे थांबले, मग तिथं धान्याचं गोदाम झालं, मग कुलूप लागलं. कमानी मात्र कुणाला कुलूपबंद करता आल्या नाहीत. मे महिन्यातसुद्धा खाली गारवा असायचा. भाजीवाल्या बायका तिथं दुपारी भाकरी सोडायच्या आणि शाळेची बस चुकली की मीही त्यांच्यातच जाऊन टेकायचे.

माझ्या घरामागं राहणारे मिस्त्री म्हणजे गावातले चुन्याचं काम येणारे शेवटचे गवंडी. त्या कमानी त्यांच्या आजोबांनी उभ्या केल्या होत्या. कुलूप लागेपर्यंत दर दोन-चार वर्षांनी भेगा बुजवायला, गिलावा धरायला यांनाच बोलावणं यायचं. पुढं पोटासाठी त्यांनी सिमेंटही कालवलं, पण सिमेंटला ते राख म्हणत. “राखंत काय जीव ऱ्हातो का, बाई?”

जुन्या बाजारपेठांतल्या ऐतिहासिक इमारतींसाठी सरकारनं निधी काढल्याचं पेपरात आलं, तेव्हा मिस्त्री तो पेपर घडी घालून माझ्याकडं घेऊन आले. त्यांना वाचता येत नव्हतं, कुणीतरी सांगितलं असणार. ओट्यावर बसले आणि म्हणाले, “आपल्या मुसाफिरखान्यासाठी लिहा, बाई. लय काई न्हाई. दोन भेगा हायत, वरचा गिलावा सुटलाय, पिंपळाचं रोप मुळासकट काढायचं. नुसती डागडुजी करा म्हणावं. आन् ती मला करू द्या म्हणावं. हात हालायलेत तवर एकदा करतो.”

मी लिहायला घेतलं आणि ‘डागडुजी’पाशी अडले. डागडुजी गळक्या पत्र्याची करतात, न्हाणीघराची करतात. सरकारदरबारी जाणाऱ्या कागदावर हा असला हलका शब्द? मी लिहिलं, ‘सदर ऐतिहासिक वास्तूचा जीर्णोद्धार व्हावा, ही नम्र विनंती.’ काय देखणा दिसत होता तो शब्द कागदावर! रफार, जोडाक्षर, संधी, सगळं जिथल्या तिथं. मिस्त्रींनी अंगठा उमटवला, बाजारातल्या दुकानदारांनी सह्या केल्या, अर्ज गेला. अर्ज वाचून दाखवावा असं मला सुचलं नाही आणि त्यांनी तसं म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी मंजुरी आली. मी पेढे वाटले. मिस्त्रींनी घरामागं खड्डा खणून कळीचा चुना भिजत घातला. चुना जितका मुरेल तितका चांगला, असं त्यांचं म्हणणं. सकाळी उठून तो काठीनं ढवळायचे, गोणपाटानं झाकायचे. चुन्यात घालायला गूळ आणि बेलफळं कुठून आणायची तेही ठरवून ठेवलं होतं. सुनेनं सासऱ्यांची चेष्टा केली, की मामाचं लगीन ठरल्यावानी चाललंय. ते हसले. एवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग मुसाफिरखान्यासमोर निळा बोर्ड लागला. मिस्त्रींनी मला वाचायला नेलं. मी मोठ्यानं वाचलं आणि जीर्णोद्धार शब्दापाशी त्यांनी मला थांबवलं.

“जीर्णोद्धार? म्हंजी पाडायलेत.”

“अहो, पाडतील कशाला? जीर्णोद्धार म्हणजे जुन्याला वर काढणं.”

“आमच्या सासरवाडीच्या देवळाचा झाला जीर्णोद्धार. काळा दगड फोडून पाया भरायला घातला आन् वर गुळगुळीत फरशी. माझ्या आजोळी बी तेच. म्या सोता कामाला हुतो, बाई.”

मला शब्दकोशातला अर्थ पाठ होता. आमच्या खेड्यापाड्यांत त्या शब्दाबरोबर पहार येते, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. वर्गणी मागायला येणारी माणसं तोच शब्द बोलत, मी वर्गणी देत होते, नवं देऊळ पाहून हात जोडत होते. पण तो अर्थ मी कधी अर्थ म्हणून धरलाच नव्हता. तो खेड्यातल्या लोकांचा होता ना!

“कोन लिव्हला हो ह्यो शब्द?” मिस्त्रींनी विचारलं.

“वरून आला असंल,” मी म्हणाले. असंल. आयुष्यभर खोडलेला शब्द घाबरल्यावर बरोबर तोंडात आला.

ते म्हणाले, मग वरच्यांना सांगू की शब्द चुकलाय. मला नाही म्हणता येईना. आम्ही परभणीला गेलो, स्टँडवरून ऑटो केला. त्या कार्यालयातला बाबू माझाच विद्यार्थी निघाला. उठून पाया पडला, चहा मागवला, फाईल काढली. आणि अगदी कौतुकानं म्हणाला, “बाई, अक्षर बघूनच वळखलं तुमचं.”

सगळ्यात खाली माझा अर्ज होता. त्यानं तो मिस्त्रींच्या देखत मोठ्यानं वाचला. मग समजावून सांगितलं की दुरुस्ती म्हटलं असतं तर दुरुस्तीत गेलं असतं, जीर्णोद्धार म्हटलं की जुनं काढून नवं. अर्जातलं नाव प्रस्तावाला लागलं, प्रस्तावातलं मंजुरीला. “मधी शब्दाला कुनी हात लावत न्हाई, बाई. आन् तुमचा शब्द कोन बदलनार?” आता बदलायचं म्हटलं तर सगळं पहिल्यापासून, तोवर निधी परत.

फाईलला तिन्ही कमानींचे फोटो जोडलेले होते, धडधाकट. इतक्या टेबलांवरून तो कागद फिरला, इतक्या शिकलेल्या माणसांनी सह्या केल्या, आणि एकालाही वाटलं नाही की हे पाडायचं कशाला. मला त्या सगळ्यांचा संताप आला, आजही येतो. पण तिथं तोंड उघडायला मला तोंड नव्हतं.

परतीच्या एसटीत मिस्त्री खिडकीशी बसले. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, “मोठा हाय शब्द, बाई.” बास, एवढंच.

पाडायच्या दिवशी जेसीबी आला, पण शेजारची दुकानं भिंतीला भिंत लावून उभी, त्यामुळं कमानी हातानंच सोडवाव्या लागणार होत्या. ते ठाऊक असलेला माणूस गावात एकच. ठेकेदारानं बोलावलं आणि मिस्त्री गेले. मी चिडून विचारलं, तुम्हीच कसे गेलात? ते म्हणाले, “दुसरा गेला आस्ता तर कुनाच्या डोस्क्यात पडली आस्ती.” चुना इतका घट्ट होता की पहार उलटी यायची. पहिल्या दिवशी एकच कमान सुटली. मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते. त्यांनी एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

तिथं आता शटरची दुकानं आहेत. वर शोभेला एक कमान चिकटवली आहे, वाजवली तर पोकळ वाजते. कोनशिलेवर जीर्णोद्धार कोरलंय. शुद्धलेखनाची चूक नाही.

गेल्या महिन्यात मिस्त्रींची सून आली. मामाला दिसायचं कमी झालंय, मोतीबिंदूच्या शिबिराला अर्ज द्यायचाय. ती उभ्यानंच म्हणाली, “मामा म्हनले, म्या सांगतो तसंच लिहा म्हनावं.” आणि तिनं पाठ केलेलं वाक्य सांगितलं, “मला लय कमी दिसायलंय.” मी तसंच लिहिलं, ‘लय’सकट. कागद तिच्या हातात दिला.

ती कागद घेऊन घरी गेली नाही. समोरच्या घरात दहावीतली मुलगी आहे, तिच्या दारात जाऊन थांबली आणि म्हणाली, “जरा वाचून दाव गं, काय लिव्हलंय बाईनं.”