वन्संचं नाक आणि स्वस्तातली वाईन

वाईनच्या दुकानासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा सत्तरी उलटून गेली होती आणि डोक्यावर पदर होता. एरवी मी पदर घेत नाही. त्या दिवशी तोंड झाकावं म्हणून घेतला, आणि त्या पदरामुळंच नांदेडचा अर्धा रस्ता माझ्याकडं बघत राहिला.

"मावशी, मेडिकल पलीकडं हाय," गल्ल्यावरचा माणूस म्हणाला.

"मेडिकल नको. लाल वाईन दे. फार भारी नको, पण गोड सरबतही नको."

"कुणासाठी न्यायली?"

"मलाच."

त्यानं बाटली अशी कागदात गुंडाळली, जशी काही मीच तिच्याआधी फुटणार होते.

हे वेड लावलं नाशिकनं. नात तिकडं नोकरीला आहे. ती मला एका द्राक्षाच्या मळ्यावर घेऊन गेली, तिथं वाईन करतात. पन्नास वर्षांच्या संसारात आणि शाळेच्या नोकरीत मी थेंबाला शिवले नव्हते. तिथल्या माणसानं ग्लास कसा तिरपा धरायचा, कसा फिरवायचा, आधी नाक कसं घालायचं, ते दाखवलं. मी नाक घातलं आणि आत पेरू होता. झाडावरच पिकून तडकलेला, पोपटानं एका बाजूनं खाल्लेला पेरू.

"ह्यात पेरू किती टाकता?" मी विचारलं.

"काहीच नाही आजी. नुसती द्राक्षं."

मागं लोक खोळंबले होते. मी तशीच उभी, नाक ग्लासात. द्राक्षात पेरू आला कुठून? त्या माणसानं काहीतरी शास्त्र सांगितलं, मला ते कळलंही असेल. पण कळल्यानं माझं नवल तसूभर कमी झालं नाही, अजून झालेलं नाही.

असलं काही सांगायला मला एकच माणूस होतं. माझी नणंद, लातूरला दिलेली. मी त्यांना अजून वन्संच म्हणते. त्यांचे मालक आडतीच्या धंद्यात होते. ते गेल्यावर त्या मुला-सुनेजवळ राहतात. दिवसभर ती दोघं कामावर, घरात वन्सं एकट्या. मी बाटली साड्यांच्या घडीत घालून एसटीनं लातूर गाठलं.

वन्संकडंच का, ते सांगते. लग्न होऊन मी उमरीला आले ती कॉलेजचं एक वर्ष शिकलेली, त्यामुळं जगातलं सगळं मला ठाऊक होतं. महालक्ष्म्यांचा सण. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, देवीच्या आधी उष्टा होतो. मग मीठ कसं कळायचं? तर पंधरा वर्षांच्या वन्सं उंबऱ्यात उभं राहून, उकळीचा वास घेऊन सांगायच्या, "वैनी, वरणात मीठ न्हाई पडलं." मी मोठ्या तोऱ्यात सासूबाईंना ऐकवलं, "मिठाला वास नसतो. पुस्तकात आहे." आणि आपण मीठ घातलंच आहे अशा खात्रीनं तशीच बसून राहिले. मीठ घातलं होतं खरं, पण खिरीत. त्या वर्षी पंगतीला बसलेल्या सगळ्यांनी माझं शिक्षण चाखलं.

तर हे नाक. ते वाईनला काय म्हणतंय ते मला ऐकायचं होतं.

"म्हातारपणी हे काय धंदे वो वैनी," म्हणत वन्संनी स्टीलचे पेले काढले. सोबत भाकरी, मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडं कशाही सोबत तेच. मी पेपर तपासणाऱ्या बाईच्या थाटात दहापैकी गुण देणार होते. पहिली बाटली कडू आणि तोंडाची आग करणारी, नापास. पुढच्या खेपेला दुसरी, तीही कडू आणि आग करणारी. अशा मी कित्येक बाटल्या नापास केल्या आणि नात फोनवर विचारायची तेव्हा "तुमच्या नाशिकच्या द्राक्षात दम नाही" असं मी ठणकावून सांगायचे.

एकदा वन्संनी पेला नुसता नाकाशी धरून ठेवला. "वास तर लई गोड येऊन राहिला. मग तोंडातच का जाळ होतो?" आणि माझ्यापुढचा ठेचा उचलून आत नेऊन ठेवला.

त्या दिवशी कोरडा भाकरीचा पापुद्रा आणि पाण्याचा घोट, एवढ्यावर आम्ही बसलो. आणि एकेक दार उघडत गेलं. स्वस्तातल्या एका लाल वाईनमधून काळी मिरी निघाली. दुसरीतून जांभळं, खाली पडून चिरडलेली. एका पांढरीत वन्संना कैरीची साल सापडली. त्यांना ती सापडल्यावर मलाही सापडली, आधी नव्हती. बाटली तीच, पेला तोच, आणि कुणी सांगितलं की आत आणखी एक वास निघतो. आम्ही दोघी म्हाताऱ्या भरदुपारी पेल्यात नाक घालून बसायचो.

मागच्या हिवाळ्यात वन्संना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो परत आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीतर नाही येणार. अन्न कापसासारखं लागतंय म्हणून त्यांनी जेवण जवळजवळ सोडलंच. एक दिवस गॅसचं बटण उघडं राहिलं आणि वन्सं शेजारीच भाजी निवडत बसल्या होत्या. सून घरात शिरली म्हणून निभावलं. त्या दिवसापासून सुनेनं त्यांना शेगडीला हात लावू दिला नाही. तिचंही काही चुकलं नाही.

"नाकच गेलं वैनी," वन्सं मला म्हणाल्या. "आता ह्या घरात माझं काय काम हाय?"

मी जातच राहिले. दुसरं काय करणार होते? पेला भरायचा, मी वास घ्यायचा आणि त्यांना सांगायचं: पेरू, मिरी, चिंचेची टरफलं. त्या घोट घेऊन म्हणायच्या, "आंबट." किंवा "तुरट." पेला मात्र सवयीनं आधी नाकाशी न्यायच्या. तेवढं बघणं मला जड जायचं.

मागच्या महिन्यात मी एक बुचाची बाटली नेली. एरवी आमच्या ऐपतीच्या बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, त्यामुळं हिचा मान मोठा वाटला. मी नाक घातलं आणि सुटलेच. "वन्सं, भारी आहे हो ही. जुनं लाकूड आहे. पहिल्या पाण्यानंतरचं शेत आहे. आणि जुन्या पुस्तकाचं पान. दहापैकी आठ."

वन्संनी पेला नाकाशी नेला आणि तिथंच थांबल्या. तोंड वाकडं झालं. मला वाटलं, चक्कर आली.

"वैनी. गोणपाट."

"काय?"

"भिजलेलं गोणपाट. पावसात आडतीमागं पडून कुजतं तसलं. लई घाण."

मी पुन्हा वास घेतला. आता मला पुस्तकाचं पानबीन काही सापडेना. नुसतं ओलं, कुबट गोणपाट. संध्याकाळी नात फोनवर हसून हसून सांगत होती की कधीकधी बुचामुळंच वाईन नासते, त्याला असाच वास येतो, माणसं अशी बाटली परत करतात. मी त्या बाटलीला आठ गुण दिले होते.

"शून्य," वन्संनी निकाल दिला. पण मी पेला मोरीत ओतायला उठले तर हात धरला. "राहू द्या."

मग हिंगाचा डबा काढला. वास घेतला, मान हलवली. कापूर घेतला, नाही. कांदा चिरून धरला, नाही. परत पेल्याकडं आल्या, आणि मी त्यांचा चेहरा बघत राहिले. पुन्हा तोंड वाकडं झालं. तेवढा एकच वास, पण होता. जगातल्या सगळ्या वासांतून हा नासका वास सगळ्यांत आधी का परतावा? पेरू का नाही? मला माहीत नाही. आम्ही दुपारभर त्या घाणीचा वास घेत बसलो, आलटून पालटून.

सून कामावरून आली. दार उघडताच नाकाला पदर लावला. "आई, हे काय सांडलंय? कसला वास सुटलाय घरात."

"येतो ना वास?" वन्संनी पेला तिच्यापुढं धरला. "मलाबी येऊन राहिला."

सुनेनं आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. पर्स खांद्यालाच ठेवून ती खाली फरशीवर बसली, पेला हातात घेतला आणि नाकावरचा पदर काढला.