ताईची तहान

सुलतानपूरहून मी नोकरीसाठी पुण्याला निघाले तेव्हा ताई मला गाडीपर्यंत सोडायला आली नाही. तिचं बाळ जाऊन पंधरा दिवस झाले होते. आतल्या खोलीत बसून ती नुसती पाणी पीत होती, तांब्यामागून तांब्या. माय म्हणाली, "जाय तू. तिच्याकडं पाह्यत राह्यशीन तर तुयी नोकरी राहून जाईन." गेले. सुटले बाई एकदाची, असंही वाटलं. आता लपवून काय करू?

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताई सातव्या महिन्यात आली होती. मायचा नेम पक्का: रोज सकाळी गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना दह्यात. "लेकराचे हाडं भरतात." दवाखान्यातल्या कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्याच. ताईला उलट्या व्हायच्या, हाडं ठणकायची. "मले नाही जात वं," म्हणायची. वाटी तिच्या तोंडाशी मीच धरायची आणि वरून दटावायची, नखरे नको करू. लेक झाली. पाचवी पुजली आणि दुसऱ्या दिवशी तिला झटके सुरू झाले. मेहकरच्या दवाखान्यात नेता नेता वाटेतच गेली. बाहेरचं लागलं, म्हणाले सगळे.

पुढं पुण्यातच माझं लग्न झालं. ताईची लेक गेल्यावर पंधरा-सोळा वर्षांनी मला दिवस गेले आणि तीच तहान मला लागली. रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅल्शियम फार वाढलंय. गळ्यात थायरॉईडच्या मागे पॅराथायरॉईडच्या चार बारीक ग्रंथी असतात. माझी एक नको तेवढं काम करत होती, हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतत होती. आईच्या रक्तात ते जास्त झालं की पोटातल्या बाळाच्या ग्रंथी सुस्त पडतात. नाळ कापली की बाळाचं कॅल्शियम उतरत जातं, काही दिवसांत झटके येतात. त्या समजावत होत्या आणि मला मेहकरचा रस्ता दिसत होता. चुन्यानं होतं का हो, मी विचारलं. भर पडते, म्हणाल्या, पण मूळ ग्रंथीचंच. कधीकधी हे घराण्यात असतं, बहिणीचंही रक्त तपासा.

पाचव्या महिन्यात माझं ऑपरेशन झालं. मुलगा जन्मला, काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली राहिला, वाचला. तो झोपला की मला त्याच्या जागी ताईची लेक दिसायची. अजूनही दिसते.

बाळंतपणानंतरही ताईला फोन करायला मला दोन महिने लागले. कोणत्या तोंडानं सांगणार? शेवटी एका दुपारी सगळं सांगितलं, वाटीसकट. ती म्हणाली, "सासू म्हने, तुयं दूधच विखारी हाय. मले वाटलं, असन. म्हनून म्या दुसरं लेकरू होऊच देलं नाही वं."

मी रडले, ती नाही. तिचा रिपोर्टही तसाच निघाला. ऑपरेशन झालं, ठणका थांबला. पण तोवर तिची चाळिशी उलटून गेली होती.

माहेर कुठलं असं कुणी विचारलं की मी अजून सुलतानपूरच सांगते. दिवाळीला जातेही. ताई माझ्या पोराला मांडीवर घेते, घास भरवते, त्याच्याशी लाडानं बोलते. मला तिथं बसवत नाही.