किल्ली कुणाकडे दिली

शस्त्रागार हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला. घरी तो कुणी वापरला नाही. वडील पोलिसांत होते, शस्त्रं ठेवायच्या खोलीवर. त्या खोलीला ते ‘कोत’ म्हणत. शिपायांनी सही करून नेलेल्या रायफली संध्याकाळी परत येत, वडील नंबर पडताळून त्या रॅकला लावत आणि कुलूप घालत, की ‘कोत लागली’. एक जरी बाहेर असली, तरी ते विक्रोळीला घरी येत नसत. आई ताट झाकून ठेवायची. पुढे तो शब्द घरात कशालाही चालू लागला. बहिणीला क्लासवरून यायला उशीर झाला की आई म्हणे, “अजून कोत लागली नाही.”

आता वडील आमच्याकडे मुलुंडला असतात. बरंचसं विसरलेत. रोज सात वाजता दाराशी खुर्ची ओढायचे आणि विचारायचे, “सगळी जमा झाली का रे?”

“झाली, बाबा. कोत लागली.”

मग ते जेवायला उठत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाद घालू नका. दोन वर्षं मी रोज हे उत्तर दिलं.

गेल्या दिवाळीआधी एकदा ऑफिसातून वैतागून आलो होतो. चपला काढेपर्यंत त्यांनी चारदा विचारलं. मी ओरडलो, “कसली कोत, बाबा? रिटायर होऊन पंचवीस वर्षं झाली! तिथे आता तुम्हाला कुणी ओळखत पण नाही.”

“अहो!” बायको आतून म्हणाली.

वडिलांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा. “मग किल्ली मी कुणाकडे दिली?”

मला माहीत नव्हतं. मी टीव्ही लावला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

हल्ली मीच घरी आलो की सांगतो, “बाबा, सगळी जमा.” ते भिंतीकडे बघत बसतात. परवा पुढे म्हणालो, “किल्ली माझ्याकडे आहे.”

त्यांनी हात पुढे केला. माझ्याकडे फ्लॅटची किल्ली होती, तीच त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

“ही नव्हे,” म्हणाले.