सोनारीण जमुनाबाई आणि आखूड साखळी

गोंदियाच्या बाजारात लखनलाल सोनाराचं दुकान म्हणजे एक ओटा, एक भट्टी आणि भिंतीला टेकून बसायला एक फाटकं पोतं. लखनलालच्या हातात कसब होतं. चांदीची तार तो इतकी बारीक ओढी की ती केसात हरवावी. पण नजरेच्या नावानं शून्य. गळा कोणाचा, तोंड कसं, हे त्याला दिसतच नसे. साखळी म्हणजे साखळी, गळा म्हणजे गळा, असा त्याचा सरळ हिशेब. दुकान चालत होतं ते त्याच्या बायकोच्या डोळ्यांवर, आणि ही गोष्ट तो सोडून सगळ्या बाजाराला ठाऊक होती.

जमुनाबाई स्वतः दिसायला बेताची. गळ्यात काळ्या मण्यांखेरीज काही नाही. कोणी टोकलं तर म्हणे, हलवाई कधी पेढे खातो का. लग्न ठरलं की मुलीच्या घरी जाऊन तिचं तोंड पाहून येणं हे तिचं काम. तिथं चहापाणी व्हायचं, इकडच्या तिकडच्या चार चुगल्या व्हायच्या, आणि तेवढ्यात हिनं मुलीची हनुवटी, गाल, कपाळ सगळं डोळ्यात भरून घेतलेलं असायचं. घरी येऊन नवऱ्याला सांगायची ती एका शब्दात. कोहळं. पाटा. पान. कोहळं म्हणजे गोल तोंड, त्याला छातीपर्यंत लोंबती साखळी, खाली टोक असलेलं पदक. पाटा म्हणजे चौकोनी जबडा, त्याला बारीक गोल कड्या. पान म्हणजे खाली निमुळती हनुवटी, तिला गळ्यालगत रुंद, रुपये ओवलेली माळ. आणि धान, म्हणजे लांबोळकं तोंड. त्या तोंडाला लांब साखळी घातली की मुलगी विहिरीत सोडलेल्या दोरासारखी दिसते, असं जमुनाबाईचं मत होतं. तिला साखळी आखूडच पाहिजे.

ही नावं घराबाहेर जाऊ नयेत म्हणून ती फार जपायची. तरी गेलीच. कुणबी, तेली, लोधी अशा घरांतल्या बायका एकमेकींना हळूच विचारत की सोनारणीनं आपल्याला काय म्हटलं असेल. 'पान' निघालेली बाई आठ दिवस मान वर करून चालायची.

एवढं नाव झालं तरी पोवारांची मोठी घरं तिच्याकडे येत नव्हती. त्यांचे पूर्वज माळव्यातून आले, शेती चांगली, लग्नं मोठी, आणि सोनार पिढ्यान् पिढ्या ठरलेला. तो म्हातारा सोनार त्या साली वारला. त्याच वेळेस बाजारात एका नव्या दुकानात रेल्वेनं पेट्या भरून तयार साखळ्या येऊ लागल्या होत्या. पिवळ्या कागदात गुंडाळलेल्या, सगळ्या एका मापाच्या. कुणबी बायकाही तिकडे वळायला लागल्या होत्या. पोवारांची लग्नं हाताशी आली तर भट्टी पेटती राहील, नाहीतर लखनलालला त्याच दुकानात तुटक्या कड्या सांधायचं झाळकाम करत बसावं लागेल, हे जमुनाबाईला स्वच्छ दिसत होतं.

अशात मुर्रीच्या टेकचंद पटलाकडून निरोप आला. मुलाचं लग्न ठरलं होतं, मुलगी नवेगाव बांधाकडची, नाव फुलवंता. निरोपाबरोबर एक दोरा आला.

दोऱ्याची रीत अशी. मुलाची आई हळदीत भिजवलेला दोरा आपल्या गळ्यात धरते, साखळी जिथवर यावी असं तिला वाटतं तिथवर तो सोडते, आणि तो दोरा सोनाराकडे पाठवते. लग्नाच्या हळदीचा दोरा, म्हणून तो तोडायचा नाही, त्याला गाठ मारायची नाही. टेकचंद पटलाची बायको सुशिलाबाई. तिचा दोरा लखनलालनं आपल्या गळ्यात धरून पाहिला तर तो त्याच्या बेंबीपर्यंत आला. लखनलाल खूश झाला. भरपूर चांदी, भरपूर काम.

जमुनाबाई छोट्या रेल्वेगाडीनं आणि पुढे बैलगाडीनं नवेगावला जाऊन आली. तिथं मुलगी तलावावरून हंडा घेऊन येत होती, माहेरी होती म्हणून तोंड उघडंच. जमुनाबाईनं ते नीट पाहून घेतलं. घरी येऊन ती पोत्यावर बसली.

"धान," ती म्हणाली.

"मंग?" लखनलाल म्हणाला.

"मंग काय. त्या दोऱ्याची साखळी घातली त पोरगी घोड्यावानी दिसन. साऱ्या पोवारवाड्यात होईन का लखन सोनारानं सुनेच्या गळ्यात लगाम घातला."

लखनलालचं म्हणणं, पटलीनबाईनं दोरा पाठवला, आपण दोऱ्याप्रमाणं करावं, तोंड देवानं केलं त्याला आपण काय करणार. जमुनाबाईनं त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. दोन दिवस तो पिवळा दोरा ती हातात घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिनं तो तीन पेड करून गळ्याभोवती धरला. तुटला नाही, गाठ नाही, लांबी तीच, फक्त गळ्यालगत तीन ओळी. चांदी तेवढीच लागणार होती. तिनं लखनलालला सांगितलं, तिपेडी कर, मधला पेड जाड, खालचा पेड हलका नक्षीचा. लखनलालनं आयुष्यात केलेलं ते सगळ्यात सुरेख काम. कुरकुरत केलं हे वेगळं.

सुशिलाबाईला साखळी दिली तेव्हा जमुनाबाईनं दोराही पुढे ठेवला आणि तीन पेड मोजून दाखवले. वजन करून दाखवलं. सुशिलाबाईचं तोंड आंबलं, पण लग्न चार दिवसांवर होतं आणि दोरा खोटं बोलत नव्हता. मुलीच्या तोंडाला हेच शोभेल, पाहणाऱ्या बाया बोटं तोंडात घालतील, असं जमुनाबाईनं शपथेवर सांगितलं. सुशिलाबाईनं साखळी डब्यात ठेवली.

लग्न झालं. वरात मुर्रीला आली. सून बैलगाडीतून उतरली आणि जमुनाबाईला, ती गर्दीत मागे उभी होती, आपली चूक कळली.

फुलवंताच्या तोंडावर पदर होता. छातीपर्यंत ओढलेला पदर. पटलाच्या घरची रीतच तशी. नव्या सुनेचं तोंड सासऱ्याला, जेठाला म्हणजे थोरल्या दिराला, गावाला दिसायचं नाही, वर्ष-दोन वर्षं नाही. कुणबी-तेल्यांच्या घरात पदर डोक्यावर असतो, तोंड उघडं असतं. जमुनाबाईनं वीस वर्षं त्या घरांतल्या मुलींना साखळ्या बसवल्या. तिनं तोंड पाहिलं माहेरात आणि साखळी वापरायची होती सासरात. पोवारांच्या घरचा पदर तिला माहीत नव्हता असं नाही. नुसता ध्यानात आला नाही. सुशिलाबाईनं बेंबीपर्यंत दोरा का सोडला होता हे आता दिसत होतं. पदराच्या खाली जेवढं लोंबेल तेवढंच गाव पाहणार. आणि खाली काहीच लोंबत नव्हतं.

ही गोष्ट जमुनाबाईला कळली, पण सुलोचनाबाईला त्याच्याही आधी कळली. सुलोचनाबाई पटलाच्या शेजारची, लग्नात वाढायला पुढे आणि बोलायला त्याहून पुढे. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं सहज विचारलं की पटलानं सुनेला काय घातलं, आपल्याला तर काही दिसलं नाही. दुपारपर्यंत साखळी पितळेची झाली. संध्याकाळपर्यंत साखळी केलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी असं कळलं की चांदी केली होती, पण ती टेकचंदनं मधल्या मध्ये विकली. टेकचंद पटील आपल्या धानाच्या शेतात, बांधीवर होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण लोक त्याच्याकडे पाहून गप्प होऊ लागले तेव्हा तो घरी येऊन ओट्यावर बसला.

चौथ्या दिवशी जमुनाबाईला बोलावणं आलं. ती जाताना लखनलालनं भट्टी विझवून ठेवली.

माजघरात सुशिलाबाई पाटावर बसली होती. फुलवंता कोपऱ्यात पदर ओढून. सुशिलाबाईनं सोनारणीला बस म्हटलं नाही.

"सोनारीन," ती म्हणाली, "वीस वर्सापासून मी या गावची पटलीन आहो. माया घरात पितळ घालते असं कोनी बोललं नोतं. तू बोलाले लावलं."

जमुनाबाईनं तोंडाचं कारण सांगायला सुरुवात केली. लांब तोंड, आखूड साखळी, वगैरे.

"तोंड कोनाले दिसून राहिलं व?" सुशिलाबाई म्हणाली. "पदराले शोभन अशी साखळी पायजे होती. ते तुले समजलं नाई. ही मोड आन एका पेडाची कर. आजच."

जमुनाबाईनं हात पुढे केला. मोडून दिली तर गाव म्हणणार की खोटी होती म्हणून बदलली. पुढचं पोवार लग्न पेटीतल्या साखळीवर जाणार. नाही दिली तर तेच होणार, फक्त लवकर. ती हात पुढे करून उभी राहिली. कोपऱ्यातून साखळी आली नाही.

"दे व," सुशिलाबाई सुनेला म्हणाली.

पदर हलला. आतून आवाज आला, फार मोठा नाही, पण स्पष्ट.

"आत्याबाई, मी सकाळी पान्याच्या घंगाळात पाह्यलं. मायं तोंड मले लहानपनापासून घोड्यावानी दिसते. आज नाई दिसलं." मग ती म्हणाली, "साखळी लांब करन्यापरीस पदर आखूड करा."

चार दिवसांची सून. जमुनाबाईचा हात तसाच राहिला. तिनं पुढे कधीतरी सांगितलं की त्या क्षणी आपल्याला लखनलालच्या भट्टीचा विचार आला नाही, फक्त सुशिलाबाई आता पाट फेकून मारते की काय एवढाच आला.

सुशिलाबाईनं पाट मारला नाही. पदर घराची अब्रू होती. पण चांदीसुद्धा घराची अब्रू होती, आणि पदरावर सध्या कोणी बोट ठेवत नव्हतं, चांदीवर साऱ्या गावानं ठेवलं होतं. या दोन अब्रूंपैकी कोणती आधी धुवावी हा विचार तिच्या तोंडावर सरळ दिसत होता. शेवटी तिनं सुनेजवळ जाऊन पदर स्वतःच्या हातानं वर केला आणि साखळी, गळा, तोंड, असं खालून वर पाहिलं. सून घरात आल्यापासून तिचं तोंड सुशिलाबाईनं दोनदाच पाहिलं होतं, आणि तेही कंदिलाच्या उजेडात.

"हं," ती म्हणाली.

मुंह दिखाईचा, म्हणजे नव्या सुनेचं तोंड पाहण्याचा रिवाज पोवारांत होताच, पण तो घरच्या बायांपुरता, वरातीच्या दुसऱ्या दिवशी. सुशिलाबाईनं तो साऱ्या गावच्या बायांसाठी परत काढला. पुढच्या सोमवारी दुपारी या म्हणून घरोघर निरोप गेला, कुणबी, तेली, ढिवर, कोणाचंही घर सोडलं नाही. टेकचंद पटलाला सांगितलं की लोकांची तोंडं बंद करायची आहेत. तो त्या दुपारी ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसला आणि मागे वळून पाहिलं नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

बाया आल्या. सुलोचनाबाई पहिली. ती पेड मोजायला आली होती आणि तिनं मोजले. हात लावून पाहिलं, चांदी थंड लागते का. नखानं खरवडायचीही तिची तयारी होती, पण सुशिलाबाई समोर बसली होती. मग तिची नजर साखळीवरून वर गेली आणि तिथंच राहिली.

"पोरीचं तोंड भरलं व," ती म्हणाली. एवढंच. पण सुलोचनाबाईच्या तोंडून कोणाबद्दल चांगलं निघालं ही बातमी विहिरीवर साखळीपेक्षा जास्त चालली.

जमुनाबाई दाराजवळ उभी होती. पन्नासेक बाया फुलवंतापुढून गेल्या, आणि प्रत्येकीत तिला एक एक तोंड दिसत होतं, कोहळं, पान, पाटा. त्यातल्या दोघी पोवारणींनी जाताना तिच्याकडे पाहून दुकान कुठं ते विचारलं, जसं काही त्यांना माहीतच नव्हतं.

फुलवंताचा पदर त्या दुपारी कपाळापर्यंत वर गेला तो पुन्हा खाली आला नाही. साऱ्या गावच्या बायांनी तोंड पाहिल्यावर ते पुन्हा झाकायचं कोणासाठी, असं सुशिलाबाईला वाटलं असावं. सासरा आला की फुलवंता पाठ फिरवून उभी राही, बस. मुर्रीतल्या इतर सुना आपल्या पदराआडून हे पाहत होत्या.

लखनलालची भट्टी त्या साली बंद पडली नाही. पोवारांची सहा लग्नं आली. जमुनाबाई मुलीचं तोंड पाहायला जायची ते जातच राहिली, पण आता आधी मुलाच्या आईकडे जायची आणि एकच गोष्ट विचारायची, पदर कुठवर. छातीपर्यंत असेल तर लांब साखळी, तोंड कसंही असो. कपाळापर्यंत असेल तर तोंडाप्रमाणं.

आता गंमत अशी झाली की टेकचंद पटलाच्या सुनेचं कौतुक झाल्यावर तिपेडी साखळी ही मोठ्या घरची खूण झाली. लांब साखळी घेणं म्हणजे आपली सून दाखवण्यासारखी नाही असं कबूल करणं. म्हणून सोनारणीनं विचारलं की सासवा बिनदिक्कत कपाळाला हात लावून दाखवत, आमच्याकडे इथवर. जमुनाबाईला माहीत असायचं की त्या घरचा पदर गुडघ्यापर्यंत आहे. ती काही बोलत नसे. आखूड साखळी करून देई. घरी नेल्यावर साखळी दिसेना, म्हणून मग सासूला सुनेचा पदर वर न्यावाच लागे, आज दोन बोटं, उद्या चार. लखनलालला शेवटपर्यंत कळलं नाही की आखूड साखळ्यांची मागणी एवढी का वाढली. तो म्हणे, चांदी महागली असेल.